ऑपेरा हाऊसमध्ये नेमकं काय चालायचं? एडवर्डियन म्युझिकल कॉमेडी, सोप्या भाषेत

गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. आत जाऊन आलेल्या अनेकांना एक प्रश्न पडतो: मुंबईत इतके ऑपेरा होत होते की त्यासाठी वेगळं नाट्यगृह बांधावं लागलं? खरं सांगायचं तर नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वास्तूमागे दोन माणसं होती. एक मुंबईचे जहांगीर फ्रामजी कराका, दुसरा मॉरिस बँडमन. बँडमन कलकत्त्यात मुक्काम ठोकून जिब्राल्टरपासून जपानपर्यंत नाटक मंडळ्या फिरवत असे. त्याच्या पेट्यांमध्ये मोठा भरणा ऑपेरांचा नसून लंडनमध्ये नुकत्याच गाजलेल्या हलक्याफुलक्या संगीतिकांचा असे. नाट्येतिहासात त्यांना ‘एडवर्डियन म्युझिकल कॉमेडी’ म्हणतात.

हा प्रकार आज इंग्लंडमध्येही फारसा कुणाला ठाऊक नाही. पण त्याची बांधणी समजली की त्या काळातला नाट्यधंदा, साम्राज्य आणि प्रेक्षक यांचं नातं चांगलंच उलगडतं. एकच नमुना नीट पाहू: ‘द गेइशा’.

नाव एडवर्डचं, सुरुवात व्हिक्टोरियाची

सातव्या एडवर्डची कारकीर्द १९०१ ते १९१०. ‘द गेइशा’चा पहिला प्रयोग मात्र २५ एप्रिल १८९६ रोजी लंडनच्या डेलीज थिएटरमध्ये झाला, म्हणजे राणी व्हिक्टोरिया गादीवर असताना. तरी तो याच प्रकारात मोडतो, कारण अभ्यासक या प्रकाराचा काळ साधारण १८९२ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत धरतात. त्याला आकार देणारा माणूस निर्माता जॉर्ज एडवर्ड्स. त्याच्या हाती दोन नाट्यगृहं होती. गेइटीमध्ये नाच, विनोद आणि देखण्या कोरसमुलींवर भर असे. डेलीजमध्ये गोष्ट जरा घट्ट, प्रेमकथा ठळक आणि गाणारे गळे तयारीचे.

‘कोरस’ म्हणजे एकत्र गाणारा, नाचणारा समूह. एडवर्ड्सच्या नाटकांत तो नुसता मागे उभा राहत नसे. त्याच्या अंगावर उत्तम शिंप्यांकडून शिवून घेतलेले नव्या फॅशनचे कपडे असत आणि ते पाहायलाही तिकिटं खपत.

गोष्ट काय आहे

पहिला अंक जपानमधल्या एका चहागृहाबाहेर. ‘टर्टल’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी तिथे येतात. त्यांच्यातला लेफ्टनंट फेअरफॅक्स चहागृहातली मुख्य गेइशा मिमोसा हिच्याभोवती घुटमळू लागतो. (गेइशा म्हणजे गाणं, नृत्य आणि संभाषणकला यांत तयार झालेली व्यावसायिक कलावंतीण.) फेअरफॅक्सचं लग्न इंग्लंडमधल्या मॉलीशी ठरलेलं आहे. मिमोसाचं प्रेम कटाना या जपानी सैनिक अधिकाऱ्यावर आहे. आणि प्रांताचा गव्हर्नर मार्क्विस इमारी मिमोसाशी लग्न करायला टपलेला आहे.

आपल्या नौकेतून पूर्वेकडे सफरीवर आलेली लेडी कॉन्स्टन्स फेअरफॅक्सचे हे रंग पाहते आणि मॉलीच्या कानावर घालते. मॉली त्याची परीक्षा घ्यायला गेइशाचा वेष चढवून ‘रोली पोली’ बनते. इंग्रज अधिकाऱ्यांमुळे चिडलेला इमारी चहागृह बंद करून तिथल्या मुलींचे करार लिलावात काढतो. लिलावात लेडी कॉन्स्टन्स चढी बोली लावून मिमोसाला सोडवते. हात चोळत राहिलेला इमारी पुढच्या मुलीवर बोली लावतो, आणि ती निघते वेषांतर केलेली मॉली.

दुसरा अंक इमारीच्या राजवाड्याच्या बागेत, शेवंतीच्या उत्सवात. आता मॉलीची सुटका करायची आहे. मिमोसा भविष्य सांगणारीच्या वेषात आत शिरते आणि लग्नाच्या वेळी बुरख्याआड नवरी बदलली जाते. मॉलीच्या जागी ज्युलिएट नावाची फ्रेंच दुभाषी उभी राहते. तिला इमारी हवाच होता. इमारी नशिबाला मान तुकवतो, बाकीच्यांच्या जोड्या जुळतात, पडदा.

परदेशच का लागतो?

परदेश म्हणजे नुसता देखण्या पडद्यांसाठी केलेला खर्च, असं वाटण्याचा संभव आहे. माझ्या मते तसं नाही. या नाटकांत परदेश हेच इंजिन आहे, आणि ते काढलं तर गाडी जागची हलत नाही. वरची गोष्ट इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या एखाद्या बंगल्यात नेऊन पाहा. साखरपुडा झालेली, चांगल्या घरातली मुलगी अनोळखी पुरुषांपुढे नाचून दाखवते, असं तिथे दाखवताच आलं नसतं. त्या काळात प्रत्येक नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर होऊन यावी लागे (ही पद्धत १९६८ पर्यंत चालली). त्यापेक्षाही कडक पहारा प्रेक्षकांच्या मर्यादेचा होता. जपानी किमोनो अंगावर आला की मॉलीला थट्टा, नाच, नखरे सगळं करता येतं, कारण ‘ती मॉली नाही, रोली पोली आहे’. वेष उतरला की ती पुन्हा सभ्य घरची.

दुसरं काम कायद्याचं. नाट्याला अशी एक सत्ता लागते की जिच्या एका लहरीवर माणसं विकली जातील, लग्नं लादली जातील. लंडनमध्ये ती कुठून आणणार? म्हणून एक लहरी गव्हर्नर तयार होतो. प्रत्यक्ष जपान असा नव्हता. १८७२ मध्येच तिथल्या सरकारने गेइशा आणि वेश्या यांना करारांच्या बंधनातून मुक्त करण्याचा हुकूम काढला होता. पुढे कर्जाच्या रूपाने ती बंधनं चालू राहिली हे खरं, पण गव्हर्नरने भर चौकात लिलाव पुकारणं ही लंडनची कल्पना. नाटक आलं त्याच्या आदल्या वर्षी जपानने चीनला युद्धात हरवलं होतं आणि ब्रिटनशी बरोबरीचा करार १८९४ मध्येच केला होता. रंगमंचावरचा जपान मात्र पंखे, छत्र्या आणि शेवंतीच्या पलीकडे जात नाही.

तिसरं कारण साधं. कोरसच्या पंचवीस-तीस मुलींना पहिल्या अंकात किमोनो, दुसऱ्या अंकात उत्सवाचे पोशाख, आणि इंग्रज पाहुण्यांच्या निमित्ताने लंडनची ताजी फॅशन, असं सगळं एकाच तिकिटात दाखवता येई.

आधी नट, मग गोष्ट

मिमोसा आणि मॉली अशा दोन नायिका कशाला, हा प्रश्न संहिता वाचताना हमखास पडतो. उत्तर संहितेत सापडत नाही, एडवर्ड्सच्या पगारपत्रकात सापडतं. त्याच्याकडे मेरी टेम्पेस्ट होती, रॉयल अकॅडमीत तयार झालेली पक्क्या गळ्याची सोप्रानो (स्त्रियांच्या आवाजांतला सर्वांत उंच). आणि लेटी लिंड होती, जिचा गळा लहान पण नाच आणि विनोदाची जाण अव्वल. एकीला तान लागेल अशी गाणी हवीत, दुसरीला गोष्टीवजा गंमतगाणी आणि नाच. म्हणून खरी गेइशा गाणारी, आणि खोटी गेइशा नाचणारी. नायक हेडन कॉफिन बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खर्ज पट्टीचा, त्यामुळे फेअरफॅक्सची भावगीतं त्या पट्टीत. विनोदी नट हंटली राइट, म्हणून चहागृहाचा मालक विनोदी.

संहिता ओवेन हॉलची, गीतं हॅरी ग्रीनबँकची, संगीत सिडनी जोन्सचं. हे तिघं १८९३ च्या ‘अ गेइटी गर्ल’पासून एडवर्ड्ससाठी लिहीत होते, त्यामुळे कुणाच्या गळ्याला काय झेपतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

अशा नाटकात कथानक म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. तिच्याकडे बघायला कुणी येत नाही. पण ती सैल बांधली तर सगळे कपडे मातीला लागतात. ‘द गेइशा’ची दोरी कुठे ताणली आहे ते पाहायचं तर पहिल्या अंकाचा शेवट घ्या. तिथे ‘फिनाले’ असतो, म्हणजे अंक संपवणारं लांबलचक समूहगान, ज्यात बोलणं जवळजवळ थांबतं आणि घटना गाण्यातूनच पुढे सरकते. लिलाव इथे होतो. बोली वाढत जाते तसा कोरस मध्ये पडतो, इंग्रज अधिकारी चडफडतात, मिमोसा सुटते म्हणून सुस्कारा पडतो न पडतो तोच मॉली अडकते. हे सगळं संगीताच्या एका सलग ओघात. मध्यंतराला प्रेक्षक बाहेर जातो तो ‘आता हिचं काय?’ हे मनात घेऊनच.

गाणी अदलाबदल करण्याची सोय

नाटक सुरू झालं म्हणजे संहिता पक्की झाली, असं इथे नसे. एडवर्ड्स प्रयोग चालू असताना गाणी काढी, नवी घाली. ‘द गेइशा’तही सगळी गाणी जोन्सची नाहीत. लायनल माँक्टन आणि जेम्स फिल्प यांनी रचलेली गाणीही त्यात आहेत. अशी गाणी कथानकाला चिकटलेली नसत, म्हणूनच ती सहज उचलता येत. फायदे तीन: जुना प्रेक्षक नवं गाणं ऐकायला परत येई, छापील स्वरलिपीची नवी विक्री होई (घरोघरच्या पियानोमुळे ते मोठं उत्पन्न होतं), आणि नट बदलला तर त्याच्या गळ्याचं गाणं बसवता येई.

या पद्धतीवर ‘द गेइशा’ ७६० प्रयोग चालला. त्याच नाट्यगृहात १८९९ मध्ये आलेला, चीनमध्ये घडणारा ‘सान टॉय’ ७६८ प्रयोग. ‘अ चायनीज हनिमून’ने (लंडनमध्ये १९०१) तर हजाराचा आकडा ओलांडला. परदेश विकला जात होता, यात शंकाच नाही.

बिघडायचं कुठे

बहुतेक वेळा दुसऱ्या अंकात. पहिल्या अंकाअखेर पेच पडतो, आणि तो सोडवायला खरं तर वीस मिनिटं पुरतात. उरलेला वेळ भरायला एकामागून एक गाणी लावली जातात. प्रत्येक गाण्याला ‘पुन्हा एकदा’ मिळालं की अंक लांबतो, आणि गोष्ट कुठे होती याचा प्रेक्षकाला विसर पडतो. ‘द गेइशा’ इथे इतरांपेक्षा बरा उतरतो, कारण ओवेन हॉलने सुटकेचा बेत दुसऱ्या अंकावर पसरवला: आधी मिमोसाचा वेष, मग बेत, मग बुरख्याची अदलाबदल.

दुसरा धोका म्हणजे नट हीच गोष्ट असल्यामुळे नट गेला की पाया जातो. ‘सान टॉय’च्या वेळी टेम्पेस्टचा एडवर्ड्सशी तिच्या पोशाखावरून खटका उडाला आणि ती नाटक सोडून गेली. पुढे ती गद्य विनोदी नाटकांतली मोठी नटी झाली. संगीत रंगभूमीने मात्र एक दुर्मिळ गळा गमावला.

‘हे तर आपलं संगीत नाटकच झालं!’

काळ एकच आहे, हे खरं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं, ‘सौभद्र’ १८८२ चं. ऑपेरा हाऊसचं उद्घाटन झालं त्याच १९११ साली ‘मानापमान’ आलं. वेषांतराने लग्न जुळवण्याची युक्ती ‘सौभद्रा’तही आहेच. पण आतली रचना उलटी आहे.

आपल्याकडे पद वाढतं ते नटाच्या गळ्यात. ऑर्गन आणि तबला त्याच्या मागून जातात, म्हणून एकच पद एका रात्री दहा मिनिटं आणि दुसऱ्या रात्री वीस मिनिटं चालू शकतं. लंडनमध्ये रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेल्या वाद्यवृंदापुढे प्रत्येक सूर लिहिलेला असे. गाणं लांबवायचं तर नवं कडवं लिहावं लागे, तान घेऊन लांबवता येत नसे. दुसरा फरक स्त्रियांचा. आपल्या रंगभूमीवर स्त्री भूमिका पुरुष करत होते, आणि बालगंधर्वांच्या शालूची फॅशन घराघरांत जात होती. तिकडे खऱ्या स्त्रियांचा समूह हेच मुख्य आकर्षण. तिसरा फरक सर्वांत मोठा: आपली कथा बहुतेकदा पुराणातली, प्रेक्षकाला तोंडपाठ, आणि उत्कंठा ‘कसं गातो’ याची. तिकडे गोष्ट नवी, पण उत्कंठा ‘कोण काय घालून येणार’ याची.

बँडमनच्या मंडळ्यांचा प्रेक्षक मुख्यतः युरोपीय आणि इंग्रजी शिकलेला वर्ग होता. तरी एकाच शहरात, एकाच दशकात या दोन संगीत रंगभूमी शेजारी-शेजारी नांदत होत्या, आणि याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. पुढे ऑपेरा हाऊसच्या रंगमंचावर बालगंधर्वांचेही प्रयोग झाले.

‘गोष्ट पोरकट नाही का?’

वरवर आहे. पण पहिल्या अंकातलं मिमोसाचं मासोळीचं गाणं नीट ऐका. फेअरफॅक्सला ती गंमत म्हणून एक गोष्ट सांगते: काचेच्या भांड्यातली एक सोनेरी मासोळी एका नौदल अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. अधिकाऱ्याचं मन भलत्याच तरुणीवर जडतं आणि मासोळीचा शेवट वाईट होतो. चाल हलकी, प्रेक्षक हसतो. पण समोर बसलेला खरोखरच नौदल अधिकारी आहे, आणि सांगणारी गेइशा आहे. आठ वर्षांनी, १९०४ मध्ये मिलानमध्ये पुच्चीनी या इटालियन संगीतकाराचा ‘मादामा बटरफ्लाय’ हा ऑपेरा आला, त्यात नेमकी हीच स्थिती शोकांतिका होते. ‘द गेइशा’च्या कर्त्यांना ती शक्यता दिसत होती. त्यांनी ती एका गंमतगाण्यात बंद केली, आणि अधिकाऱ्याला वाग्दत्त वधू व गेइशाला तिचा प्रियकर आधीच देऊन कथानकाला त्या वाटेवर जाऊच दिलं नाही. याला मी कारागिरी म्हणेन, पोरकटपणा नव्हे.

नाटक किती दूर गेलं याचा पुरावा रशियन लेखक चेखवच्या एका कथेत आहे. ‘कुत्रावाली बाई’ या १८९९ च्या कथेत नायक गुरोव रशियातल्या एका छोट्या शहरात प्रेयसीला शोधत जातो आणि तिथल्या नाट्यगृहात ‘गेइशा’चा पहिला प्रयोग असल्याची जाहिरात पाहतो.

‘पण हे वंशद्वेषी आहे, त्याचं काय?’

आहे, आणि ते झाकून चालणार नाही. चहागृहाचा मालक वुन-ही चिनी आहे, मोडक्या इंग्रजीत बोलतो, लोभी आणि भित्रा आहे. हंटली राइट हा गोरा नट चेहरा रंगवून ही भूमिका करी. ‘सान टॉय’मध्ये पुन्हा त्यानेच चिनी ली साकारला. मग १९०४ मध्ये श्रीलंकेच्या चहामळ्यांवरचा ‘द सिंगली’ आला (डेलीजमध्येच, ३६५ प्रयोग), त्यात त्याने रंगवला चंबुद्दी राम नावाचा ‘बाबू’ वकील. चिनी असो की भारतीय, साचा एक आणि नटही एक. आपल्या वाचकाला तिसरं उदाहरण टोचेल. पहिलं तितकंच टोचायला हवं.

‘ते काळाचं होतं, तेवढा भाग वगळा’ हा सल्ला नेहमी दिला जातो. तो अपुरा आहे. परदेश हेच इंजिन म्हटलं की व्यंगचित्र हा त्या इंजिनाचाच भाग ठरतो. वुन-ही नुसता काढून टाकला तर चहागृहाला मालक राहत नाही, मालक नाही तर इमारीच्या हुकमाखाली चिरडायला कुणी राहत नाही, आणि लिलावाचा फिनाले अर्ध्यावर कोसळतो. त्या काळी सरकारलाही या गोष्टीची जाणीव नव्हती असं नाही. १९०७ मध्ये जपानचे राजपुत्र फुशिमी लंडनभेटीला येणार म्हणून ‘द मिकाडो’ या जपानमध्ये घडणाऱ्या जुन्या इंग्रजी संगीतिकेवर काही काळ बंदी घातली गेली होती. राजनैतिक पाहुण्याला जे बोचेल ते कळत होतं. ज्यांच्या मागे आरमार नव्हतं, त्यांच्यासाठी कुणी बंदी घातली नाही.

संपलं कसं

१९०७ मध्ये डेलीजमध्येच ‘द मेरी विडो’ आला आणि व्हिएन्नाच्या वॉल्ट्झने, म्हणजे तीन मात्रांच्या गिरकीच्या नाचसंगीताने, प्रेक्षक ओढले. पाठोपाठ अमेरिकेतून रॅगटाइम हे उसळत्या ठेक्याचं संगीत आलं. युद्ध सुरू झालं तेव्हा एडवर्ड्स जर्मनीत होता. तिथे तो अडकला, तब्येत खालावली आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये तो गेला. नटांभोवती नाटक बांधणारा माणूसच उरला नाही. डेलीजची इमारत १९३७ मध्ये पाडली. बँडमन १९२२ मध्ये वारला.

आज ऐकायचं किंवा करायचं तर

‘द गेइशा’चं हायपेरियन कंपनीने काढलेलं जवळजवळ पूर्ण संगीताचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. सुरुवात मासोळीच्या गाण्यापासून करा, मग पहिल्या अंकाचा फिनाले सलग ऐका, मधे थांबू नका. पहिल्या अंकातलंच ‘चोन किना’ लागलं की कान टवकारा. ती चाल जपानी गेइशांच्या खेळगाण्यावरून घेतलेली आहे, आणि भोवतीच्या इंग्रजी वॉल्ट्झमध्ये ती लगेच वेगळी उठून दिसते.

हौशी मंडळींना प्रयोग करायचा असेल तर हक्कांची अडचण नाही. तिघाही कर्त्यांमध्ये शेवटी गेलेला सिडनी जोन्स, तो १९४६ मध्ये, त्यामुळे भारतातला साठ वर्षांचा हक्ककाळ उलटून गेला आहे. पात्रनिवड मात्र एडवर्ड्सच्या क्रमाने करा: आधी मिमोसासाठी वरच्या सप्तकात न फुटणारा आवाज, मग मॉलीसाठी नाचणारी, आणि त्यानंतरच बाकीचे. मासोळीच्या गाण्यात शब्द स्पष्ट ऐकू आले नाहीत तर विनोद आणि इशारा दोन्ही जातात, म्हणून पियानो झाकलेला ठेवा आणि कोरसला मागे उभं करा. वुन-हीच्या जागी लिलाव टाळण्यासाठी धडपडणारी, चांगलं बोलणारी चतुर मालकीण आणली आणि त्याची दोन गाणी वगळली, तर फिनाले उभा राहतो, कारण त्या प्रसंगाला मालक लागतो, मालकाचं थट्टेचं सोंग लागत नाही.